ताशी ९० ची थरथर : नोंद तिसरी

मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की चाकांचं बॅलन्सिंग (वजन चिकटवून चाक समतोल करणं) झालं, विषय संपला. नाही संपला. ८० पर्यंत गाडी लोण्यासारखी, ८५ ओलांडले की स्टेअरिंगला कापरं भरतं, ९० ला कळस, ११० च्या पुढे पुन्हा बरीच शांत.

आधी इंजिनाची चौकशी. ९० चा वेग धरून पाचवा गिअर, मग चौथा, मग न्यूट्रल. (रस्ता सरळ, रिकामा आणि इंजिन चालूच. चावीला हात लावायचा नाही.) आरपीएम खालीवर झाले, थरथर ढिम्म. म्हणजे इंजिन, त्याचं माउंटिंग, क्लच सगळे संशयातून सुटले. ॲक्सिलरेटर दिल्यावर थरथर आणि पाय काढताच गायब, असं असतं तर आतल्या सीव्ही जॉइंटवर (गिअरबॉक्सकडून चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा) संशय घेतला असता. तसंही नव्हतं.

मग फोन डॅशबोर्डला घट्ट चिकटवला आणि शेजारच्या सीटवरच्या मित्राला कंपन मोजणारं ॲप बघायला बसवलं. आकडा आला सुमारे १३ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १३ हादरे. माझे टायर १८५/६५ आर १५, घेर साधारण १.९५ मीटर. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर. भागाकार करा : चाकाच्या सेकंदाला जवळपास १३ फेऱ्या. दर फेरीला एक हादरा!

पुढची दोन्ही चाकं मागे बसवली, मागची पुढे. थरथर स्टेअरिंगमधून उठली आणि सीटखाली जाऊन बसली. हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि ब्रेकच्या डिस्क तर पुढेच होत्या, तेव्हा त्याही निर्दोष. पण बॅलन्सिंगचं मशीन दोन्ही चाकांना शून्य दाखवत होतं, आणि इथेच मी दोन आठवडे अडकलो. मशीन वजन बघतं, गोलाई बघत नाही. शिसं चिकटवून बटाटासुद्धा बॅलन्स करता येईल!

गाडी स्टँडवर घेतली, टायरच्या नक्षीसमोर विटेवर पेचकस टेकवला आणि चाक हाताने सावकाश फिरवलं. उजवं ठीक. डाव्याला एका जागी फट जवळजवळ ३ मिलिमीटरने कमी झाली. रिमच्या कडेशी तोच प्रयोग केला, तिथे अर्धा मिलिमीटरही फरक नाही. टायरवर त्या जागी तळहात फिरवला तर फुगवटा लागला. आतला पोलादी पट्टा सुटत चालला असणार. असा टायर कधीही फाटू शकतो, म्हणून त्याच दिवशी काढला आणि स्टेपनी चढवली.

९० ला स्टेअरिंग आता गप्प आहे. इतकं, की आजवर दबून राहिलेलं दुसरंच दुखणं कळायला लागलंय : जोरात ब्रेक दाबला की पेडल पायाखाली धडधडतं. सगळे म्हणतात डिस्क वाकली. मला डिस्कच्या जाडीतल्या फरकाचा संशय आहे, आणि त्यासाठी मिलिमीटरचे काही शतांशही पुरतात. मायक्रोमीटर उसना मिळालाय. रविवारी चाक काढून डिस्कवर आठ ठिकाणी मोजणार.