भाकरीच्या पिठाचा पॅनकेक: आमची वाटचाल

परभणीत भाकरीच्या पिठाला गिऱ्हाईक कधीच कमी नव्हतं. सासऱ्यांची गिरणी त्याच जोरावर चालली. पुण्याला शिकणारी लेक सुट्टीत आली की पॅनकेक मागायची, आणि दुकानातल्या तयार पुड्यात बघावं तर मैदा आणि साखर. घरात मालदांडी ज्वारीच्या पोत्यांची थप्पी असताना हे मला पटेना. तिथून सुरुवात झाली.

पॅनकेक लवकर जमला. ज्वारीचं पीठ, थोडी कणीक, आंबट ताक, खायचा सोडा. ताकाची आंबटाई सोड्याला भेटली की बुडबुडे येतात आणि त्यावरच तो फुगतो. म्हणून सोडा घातल्यावर पीठ फार घोटायचं नाही, लगेच तव्यावर घालायचं. वरची भोकं फुटून तशीच उघडी राहिली की उलटायचा.

क्रेपनं मात्र रडवलं. क्रेप म्हणजे आपल्या धिरड्याचा फ्रान्सकडचा भाऊबंद, पण कागदासारखा पातळ आणि घडी घातली तरी न मोडणारा. ज्वारीत ग्लूटेन नाही, मग धरून ठेवणार कोण? उलथणं लावलं की चिंध्या. दीड महिना हेच चाललं. एकदा आत्याबाई शेजारी भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "अगं, पिठाची विरी, चिकटपणा गेला की आपण काय करतो? आधणाचं पाणीच घालतो ना?" त्यांनीच चार चमचे पीठ वेगळं काढलं, त्यावर उकळतं पाणी ओतून लापशीसारखं घोटलं आणि उरलेल्या सरसरीत पिठात कालवलं. अर्धा तास झाकून ठेवलं. मग बिडाच्या तव्यावर डावभर पीठ टाकून तवा गोल फिरवला. कडा सुटल्या आणि अख्खा क्रेप माझ्या तळहातावर आला. उकळत्या पाण्यानं पिठातला स्टार्च फुलून चिकट होतो, हे मला नंतर वाचून कळलं. आत्याबाईंच्या हाताला ते पन्नास वर्षांपासून ठाऊक होतं. फ्रान्सच्या ब्रिटनी भागात बकव्हीटच्या, म्हणजे आपल्या कुट्टूच्या पिठाचे खारे गॅलेट करतात, त्यातही ग्लूटेन नसतं. मग ज्वारीनंच काय घोडं मारलंय?

2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. लोक आपणहून ज्वारीची चौकशी करू लागले, तेव्हाच आम्ही पाकिटं बाजारात आणली. पहिल्याच पावसाळ्यात एका दुकानातून चाळीस पाकिटं परत आली. पॅनकेक फुगत नव्हते, पिठाच्या गुठळ्या झालेल्या. चूक आमची होती. गिरणीतून निघालेलं कोमट पीठ आम्ही तसंच भरलं, आत घाम सुटला आणि मिसळलेली बेकिंग पावडर पाकिटातच खर्ची पडली. सगळ्यांचे पैसे परत केले. आता पीठ रात्रभर पसरून पूर्ण निववतो आणि सोड्याची पुडी वेगळी देतो.

वॉफलचं पीठ अजून विकायला काढलेलं नाही. घरी करणार असाल तर लोणी सढळ हातानं घाला, आणि साच्यातून वाफ यायची थांबेपर्यंत झाकण उघडू नका, नाहीतर वॉफल मधोमध फाटतं. आमच्याकडे विजेचा भरवसा नाही, म्हणून गॅसवरचा बिडाचा साचा वापरते.

इथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा 'परभणी शक्ती' हा वाण आहे, लोह आणि जस्त जास्त असलेला. यंदा त्याची तीन पोती वेगळी दळून घेतली आहेत. त्याला आधणाचं पाणी किती लागतं, ते आत्याबाई रोज एक-एक क्रेप घालून बघताहेत.