जुन्या कपड्यांचं दुकान

आज सुट्टी. दिवसभर डेव्हिड वॉकर या अमेरिकेतल्या गुलामगिरीविरोधी काळ्या लेखकाबद्दल वाचत बसले. बाप गुलाम, आई स्वतंत्र, म्हणून हा स्वतंत्र. कायदाच तसा होता. बॉस्टनला बंदराजवळ जुन्या कपड्यांचं दुकान टाकलं आणि १८२९ मध्ये ‘अपील’ छापलं. गुलामांनो, उठा, असं थेट सांगणारं. खलाशी ते लपवून दक्षिणेतल्या बंदरांत न्यायचे. तिकडे काळ्यांना वाचायला शिकवण्यावरच बंदीचे कायदे झाले. एका पुस्तिकेची केवढी ही भीती!

१८३० च्या जुलैअखेरीस आधी तान्ही लेक गेली, काही दिवसांत, ऑगस्टमध्ये, वॉकरही. नोंदीत कारण क्षय. मुलगा एडविन त्यानंतर जन्मला आणि १८६६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळात निवडून आला. बापाने त्याचं तोंडही पाहिलं नव्हतं. संध्याकाळी दिवा लावतानाही मनात तेच होतं.