‘ऑब्स्ट्रक्ट’ म्हणजे नुसतं अडवणं नव्हे

स्पर्धा परीक्षेची मुलं शब्दसंग्रह काढून बसली की हा प्रश्न येतोच : “सर, ब्लॉक आणि ऑब्स्ट्रक्ट एकच ना? दोन्ही म्हणजे अडवणं.”

सोलापूरच्या पोरांनी तरी हे विचारू नये! होटगी रोडवरच्या विमानतळाजवळची सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी आठवा. सहवीजनिर्मिती प्रकल्पाची. तिने धावपट्टी बंद केली नव्हती, ती धावपट्टीवर नव्हतीच. पण विमान खाली येतं त्या वाटेत ती उंच उभी होती, एवढं पुरलं. वाद कोर्टात गेला, शहरात दोन तट पडले, आणि जून २०२३मध्ये ती पाडली. तिचं ते नुसतं उभं असणं म्हणजे ऑब्स्ट्रक्ट. वाट पूर्ण बुजवली तरी हा शब्द चालतो, पण बुजवावीच लागते असं नाही. आडवं येऊन काम अवघड केलं तरी झालं.

ड्रेनेज तुंबलं तर मात्र क्लॉग म्हणा. क्लॉग म्हणजे मुळात जनावर पळू नये म्हणून त्याला बांधायचा लाकडी ओंडका, आपलं लोढणंच की.

आता कायदा. ‘सरकारी कामात अडथळा’ ही बातमी रोज वाचता. जुन्या भारतीय दंड संहितेतलं कलम १८६ आता भारतीय न्याय संहितेत २२१ आहे. तिथे ऑब्स्ट्रक्टच्या आधी ‘व्हॉलंटरिली’ आहे, म्हणजे स्वेच्छेने. चिमणीला इच्छा नसते, माणसाला असते, आणि शिक्षा माणसालाच होते. क्रिकेटमध्येही तेच. ‘ऑब्स्ट्रक्टिंग द फील्ड’, म्हणजे फलंदाजाने क्षेत्ररक्षणात अडथळा आणणं, हा नियम ३७, त्यातही हेतू बघतात. कसोटीत असा पहिला बाद झाला इंग्लंडचा लेन हटन, १९५१मध्ये, ओव्हलवर. उडालेला चेंडू यष्टीवर पडू नये म्हणून त्याने बॅटने ढकलला आणि दक्षिण आफ्रिकेचा यष्टिरक्षक एंडीन याचा झेल हुकला. (हाच एंडीन पुढे १९५७मध्ये चेंडू हाताळला म्हणून बाद झाला. परीक्षेत विचारणार नाहीत, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

मार्क जातात ते भलत्याच ठिकाणी. मराठीत आपण ‘पोलिसांना’ अडथळा करतो, म्हणून पोरं ‘ऑब्स्ट्रक्ट टू द पोलिस’ लिहितात. तो ‘टू’ काढा. नुसतं ‘ऑब्स्ट्रक्ट द पोलिस’.