तुम्ही विचारलंत म्हणून : दुसरीतली आणि बारावीतली, एकाच पडवीत

गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावी दर रविवारी दुपारी चार वाजता माझ्या घराच्या पडवीत मुली जमतात. यंदा पटावर २३ नावे आहेत. सर्वांत धाकटी दुसरीत आहे आणि सर्वांत मोठी बारावीत. हे कळले की आसपासच्या गावांतल्या शिक्षिका, अंगणवाडीताई, गणपतीला आलेले चाकरमानी पालक असे सगळे एकच प्रश्न विचारतात : ‘बाई, इतक्या वेगवेगळ्या वयाच्या मुलींना नेतृत्व शिकवायचे उपक्रम तुम्ही आखता तरी कसे?’ दारात उभ्या उभ्या या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहिते.

पहिल्या वर्षी मी जे उपक्रम घेतले, ते शिबिरांमध्ये पाहिलेलेच होते. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या मुलीला मैत्रिणीने नुसत्या शब्दांनी वाट दाखवायची, वर्तमानपत्राच्या सुरळ्यांचा मनोरा उभारायचा, ‘आदर्श नेत्याचे गुण’ या विषयावर दोन मिनिटे बोलायचे. मुलींना मजा आली, हे मी नाकारत नाही. मात्र प्रत्येक वेळी मनोरा कसा बांधायचा हे नववी-दहावीच्या मुलींनी ठरवले, चिकटपट्टी सहावी-सातवीच्या मुलींनी लावली आणि धाकट्या मुली कागद आणून देण्यापुरत्या उरल्या. भाषणाच्या उपक्रमात तर ज्यांना आधीपासून बोलता येत होते, त्याच बोलल्या. दिवाळीपर्यंत धाकट्यांपैकी पाचजणी यायच्या बंद झाल्या. त्यांतल्या एकीच्या आजीने मला एसटीच्या थांब्यावर गाठून सांगितले, की तिथे तिला कोणी काही विचारतच नाही, असे ती म्हणते.

मी स्वतः शाळेत गाईड होते, त्यामुळे संघ-पद्धती मला ठाऊक होती : सहा ते आठ मुलींचा एक संघ, त्यांच्यातलीच एक संघनायक, आणि प्रत्येकीकडे संघाचे काहीतरी नेमून दिलेले काम. ही चळवळ इंग्लंडात १९१० साली सुरू झाली आणि लगेच १९११ मध्ये जबलपूरला भारतातले पहिले पथक निघाले, म्हणजे ही पद्धत शंभर वर्षांहून अधिक काळ घासूनपुसून झालेली आहे. अडचण एवढीच, की तिच्यातही वयाच्या भिंती आहेत; लहान मुली बुलबुल, दहा वर्षांपुढच्या गाईड आणि त्याहून मोठ्या रेंजर. आमच्या तीन वाड्या मिळून २३ मुली असताना तीन पथके करणे शक्य नव्हते. म्हणून मी संघ ठेवले आणि वयाच्या भिंती काढून टाकल्या. प्रत्येक संघात एक मोठी, दोन-तीन मधल्या आणि दोन-तीन धाकट्या, अशी वाटणी केली. एवढ्याने सगळे सुरळीत होईल, असे मला वाटले होते.

ते झाले नाही, हे दुसऱ्या वर्षीच्या बंधाऱ्याने दाखवून दिले. आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला एक पऱ्या आहे. भातकापणी उरकली की त्याची धार बारीक होऊ लागते, आणि त्याच सुमारास सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून, त्यांची तोंडे सुतळीने शिवून, विटांसारखे सांधे चुकवत त्या आडव्या रचल्या की पाणी अडते. कोकणात वनराई बंधारे म्हणून हे काम गावोगाव श्रमदानाने होते. मी ते मुलींसाठी निवडले, कारण त्यात खोटे काही नव्हते. पाणी एक तर अडते किंवा अडत नाही, मग बाई कितीही कौतुक करोत. ग्रामपंचायतीची परवानगी मी काढली, बाकी सारे मुलींवर सोपवले. त्या वेळी बारावीत असलेल्या मुलीने पऱ्याची रुंदी दोरीने मोजली, गोण्यांचा हिशेब केला, बांधकामे चालू असलेल्या घरी संघ पाठवून १३० गोण्या गोळा केल्या आणि जिथे पात्र सर्वांत अरुंद, ती जागा ठरवली. आखणीत नाव ठेवायला जागा नव्हती. फक्त तिसरीतली एक मुलगी दोनदा म्हणाली, की इथे नको, इथे मुठे आहेत. मोठ्या मुली हसल्या. खरे सांगायचे तर हसू मलाही आले. खेकडे चावतील म्हणून ती घाबरते आहे, असे मी समजले.

बंधारा रविवारी पूर्ण झाला, सोमवारी गुडघाभर पाणी साठले आणि गुरुवारी ते बंधाऱ्याला वळसा घालून काठातून खाली वाहताना दिसले. पावसाळ्यात भावाबरोबर मुठे धरायला जाणाऱ्या त्या मुलीला काठातले एकेक बीळ माहीत होते. शेताचे बांध खेकडे पोखरतात, हे आमच्याकडे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असते, परंतु ते ज्ञान आमच्या आखणीत शिरायला वाटच नव्हती. पुढच्या रविवारी तिने बारा पावले वर नेऊन दोन्ही बाजूंना कातळ असलेली जागा दाखवली. पात्र तिथे रुंद होते, म्हणून आणखी गोण्या लागल्या. पण ते पाणी फेब्रुवारीपर्यंत टिकले. बारावीतली ती मुलगी सर्वांसमोर म्हणाली, ‘ती सांगत होती, मी ऐकलं नाही.’ मी तिला तसे म्हणायला सांगितले नव्हते, आणि माझे स्वतःचे तेच वाक्य बोलायला मला आणखी एक आठवडा लागला.

तेव्हापासून आमचा नियम असा आहे की, प्रत्येक उपक्रमात किमान एक निर्णय धाकट्या मुलींच्या हाती असतो, तो खरा असतो, आणि मोठ्या मुलींना त्यावर प्रश्न विचारता येतात, पण तो फिरवता येत नाही. ‘खरा’ या शब्दावर माझा भर आहे. खाऊ कोणता आणायचा, हा निर्णय मुलांना देऊन आपण उदार झालो असे मानण्याची मोठ्या माणसांना खोड असते. बंधाऱ्याची जागा, किनाऱ्यावर कुठवर जायचे, कोणी दमले असेल तर कधी थांबायचे, हे निर्णय वेगळे. थांबण्याचा निर्णय तर मी नेहमी सर्वांत धाकटीकडे देते, कारण आधी तीच दमते.

किनाऱ्यावरच्या फेरीचे गणित मात्र मधल्या मुलींचे. अमावास्या-पौर्णिमेला आमच्याकडे साधारण बाराच्या सुमारास भरती पूर्ण होते आणि पुढे प्रत्येक तिथीला ती सुमारे ४८ मिनिटांनी मागे पडते. म्हणजे पंचमीला चारच्या आसपास भरती, आणि त्या दिवशी चार वाजता खडकांकडे जाण्यात अर्थ नाही. हा हिशेब सातवीतल्या मुलीला सहज जमतो, आणि कोळीवाड्यातल्या मुलींना तो न करताही सांगता येतो. गेल्या वर्षी एका सातवीतल्या मुलीने, डबे भरून झाल्यानंतर, उधाणाचे कारण देऊन फेरी रद्द केली. काही आया माझ्यावर नाराज झाल्या. तिचा हिशेब बरोबर होता, आणि तो चुकलेला असता तरी मी तिचा निर्णय फिरवला नसता. कारण चूक झाली असती ती सावधपणाच्या बाजूने. उलट, धोका असताना ती ‘जाऊ या’ म्हणाली असती, तर मी नक्की अडवले असते. मुलींच्या हाती काय द्यायचे नाही, हे आधीच सांगून ठेवलेले बरे : पाण्यात उतरणे, रस्ता ओलांडणे, औषध आणि पालकांची परवानगी या चार गोष्टी माझ्या आणि माझ्याबरोबर येणाऱ्या दुसऱ्या बाईंच्या.

सर्वांत अवघड वय बारा ते चौदा. धाकट्यांचे लाड होतात, मोठ्यांना मान मिळतो, आणि या मधल्या मुली कोपऱ्यात कुजबुजत बसतात. त्यांच्याकडे मी पैसे दिले. प्रत्येकीची महिन्याची दहा रुपये वर्गणी, तिचा जमाखर्च आणि महिन्याअखेर तो सर्वांसमोर वाचून दाखवणे, हे काम त्यांचे. भांडणे झाली, एकदा चाळीस रुपयांचा मेळ तीन आठवडे लागला नाही, पण कुजबुज थांबली. महाराष्ट्रात पंचायतींमधल्या निम्म्या जागा २०११ पासून स्त्रियांसाठी राखीव आहेत. त्या खुर्चीवर बसणाऱ्या बाईला जमाखर्च वाचता येत नसेल, तर तिच्या नावाने तो दुसराच कोणी वाचतो, हे आम्ही सगळ्यांनी पाहिले आहे.

राहता राहिला प्रश्न मोठ्या मुली निघून जाण्याचा. दहावीला क्लास, बारावीनंतर चिपळूण, रत्नागिरी नाही तर मुंबई, हे ठरलेले आहे. पूर्वी मी जूनमध्ये नवी संघनायक नेमत असे आणि जुनी तोवर यायची बंद झालेली असे. आता हा बदल दिवाळीनंतर लगेच होतो, म्हणजे जुनी मुलगी दोन-तीन महिने नवीच्या हाताखाली काम करते. हे तिला फार जड जाते, आणि माझ्या मते संपूर्ण वर्षातला हाच सर्वांत कठीण उपक्रम आहे, जरी बाहेरच्या कोणाला तो उपक्रम वाटणार नाही.

प्रत्येक संघाची एक वही असते व ती नव्या संघनायकेकडे जाते. बंधाऱ्याच्या पानावर तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत लिहिले आहे : ‘गोण्या पाऊण भरणे, गच्च भरल्या तर नीट बसत नाहीत. दाभण चार घेणे, एक मोडतेच. जागा बघायला तिसरी-चौथीच्या मुलींना आधी पाठवणे. सुतळी गेल्या वर्षीसुद्धा कमी पडली.’