ओटीपी, बकरा आणि वहीत चिकटवलेलं पाखरू

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि वरच्या मजल्यावर छोटासा क्लास. लॅपटॉप घेऊन आलेले वडील असोत की फी भरायला आलेली आई, काम उरकलं की पाय जरा घुटमळतो आणि ठरलेला प्रश्न येतो: "सर, ही पोरं बोलतात ते तुम्हाला कळतं का ओ? कळत असलं तर एक यादी छापून द्या की. शब्द आणि पुढं अर्थ. फ्रिजवर लावतो."

यादी मी देत नाही. ती का देत नाही, हे दुकानात उभ्या उभ्या सांगता येत नाही. मागं दोन गिऱ्हाईकं ताटकळत असतात. म्हणून इथं लिहितो.

मध्यंतरी एक बाई घाबऱ्याघुबऱ्या आल्या. मुलगी अकरावीला. ती मैत्रिणीला फोनवर सांगत होती ते यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं: "माझा ओटीपी तुला माहितीय गं, मी काय तो बदलणार नाही." आता बँक उठता-बसता मेसेज पाठवते, ओटीपी कुणालाही सांगू नका. आणि घरची पोरगी सरळ फोनवर! "खातं माझ्या नावावर आहे ओ सर. आधी ते बंद कसं करायचं सांगा." मी विचारलं, ताई, मुलगी कोरियन मालिका बघते का? "ते तर विचारूच नका. जेवताना तेच, झोपताना तेच." म्हटलं, मग खातं शाबूत आहे. बसा, चहा घ्या.

बँकेचा ओटीपी म्हणजे वन टाइम पासवर्ड, एकदा वापरून फेकायचा. चाहत्यांचा ओटीपी म्हणजे वन ट्रू पेअरिंग: मालिकेतल्या कुठल्या दोघांचं जमलंच पाहिजे याबद्दलचं आपलं ठाम मत. ते फेकायचं नसतं, त्यासाठी भांडायचं असतं. अशा दोघांची जोडी मनात लावून देण्याला ही पोरं 'शिप करणं' म्हणतात. त्यात जहाज कुठंही नाही. रिलेशनशिप या शब्दाचं शेपूट तेवढं राहिलंय. १९९० च्या दशकात 'द एक्स-फाइल्स' या अमेरिकन मालिकेतल्या मल्डर आणि स्कली या दोन तपास अधिकाऱ्यांचं जमावं असं वाटणारे चाहते स्वतःला रिलेशनशिपर म्हणवून घ्यायचे. पुढं त्याचं शिपर झालं. दोघांत प्रेमबीम नकोच म्हणणाऱ्यांचाही गट होता, त्यांना नोरोमो म्हणत, म्हणजे नो रोमान्सवाले. आपल्याकडं पेठापेठांत फुटबॉलवरून जशी तेढ असते, तशी या दोन गटांत असायची.

हे सगळं ऐकून ताई निवांत झाल्या, आणि मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे लग्न जुळवायचा उद्योगच की हो हा." अगदी तोच.

त्याच मुलीच्या तोंडी 'कॅनन' आणि 'हेडकॅनन' हेही शब्द होते. कॅनन म्हणजे मूळ लेखकानं खरोखर लिहिलेलं, अधिकृत. हेडकॅनन म्हणजे चाहत्यानं स्वतःच्या डोक्यात घातलेली भर. यातला कॅनन हा शब्द मूळचा चर्चमधला. धर्मग्रंथात कुठली पुस्तकं धरायची आणि कुठली नाही, याचा निवाडा म्हणजे कॅनन. १९११ साली रोनाल्ड नॉक्स नावाच्या ऑक्सफर्डच्या विद्वानानं शेरलॉक होम्सच्या गोष्टींवर एक निबंध वाचला. बायबलचे अभ्यासक ज्या गंभीर चेहऱ्यानं तारखा जुळवतात आणि विसंगती काढतात, तोच चेहरा ठेवून त्यानं होम्सची चिरफाड केली. होती थट्टाच, पण होम्सचे चाहते तिथून तो खेळ खऱ्यासारखा खेळायला लागले, आणि होम्सच्या मूळ छप्पन्न गोष्टी नि चार कादंबऱ्यांना ते आजही कॅननच म्हणतात. तेव्हा "आजकालची पोरं" या वाक्याला फारसा आधार नाही. हा छंद पणजोबांच्या वयाचा आहे.

आणि कोल्हापूरकरांनी तर या गोष्टीचं नवल करूच नये. शाहू महाराजांचं खासबाग मैदान १९१२ चं. तिथं कट्ट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याचं बोलणं ऐका. "पट काढला", "ढाक लावली", "घिस्स्यावर घेतला", "निकाली होत न्हाई ही, बरोबरीत सोडवणार बघ." नवख्या माणसाला दोन पैलवान नुसते गळ्यात गळे घालून उभे दिसतात. मैदानाला खेटून १९१५ चं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, २०२४ च्या ऑगस्टमध्ये आगीत होरपळलेलं. संगीत नाटकाच्या जमान्यात अशा थिएटरांतून "वन्समोअर" घुमायचा. पद आवडलं की वन्समोअर, आणि नटानं ते पुन्हा म्हणायचं. शब्द विंग्रजी, पण खास इथल्या रसिकांचा. विलायतेत त्या जागी 'आँकोर' ओरडतात. एका पिढीनं हे सगळं केलं, तेव्हा कुणी त्यांच्या आयांना यादी छापून दिली नव्हती.

यादीत न बसणारी एक गंमत सांगतो. एका पोराचा फुटबॉलच्या जर्सीतला फोटो. पेठेच्या टीमकडून शाहू स्टेडियमवर गोल मारला होता त्यानं. खाली मित्रांनी एकापाठोपाठ एक बकऱ्याची चित्रं टाकलेली. वडील माझ्याकडं मोबाईल नाचवत आले. "पोराला बकरा म्हणतात आणि हा दात काढतोय!" आपल्याकडं बकरा कोण होतो? जो फसतो तो. पण ही चित्रं त्या बकऱ्याची नव्हेत. ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम, आजवरचा सर्वांत थोर, या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडली की 'गोट' होतं, आणि गोट म्हणजे बकरा. मुष्टियोद्धा महंमद अली स्वतःला 'द ग्रेटेस्ट' म्हणवून घ्यायचा. १९९२ साली त्याच्या पत्नीनं त्याच्या व्यवहारांसाठी कंपनी काढली तिचं नावही याच आद्याक्षरांचं ठेवलं. म्हणजे पेठेतली पोरं त्या पोराला मेस्सीच्या पंगतीला बसवत होती. वडिलांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मात्र हेच चित्र गोल चुकवलेल्या पोराच्या फोटोखाली टाकलं असतं तर ती टिंगल झाली असती. आता सांगा, यादीत पुढं अर्थ काय लिहू?

दुसरी अडचण टिकण्याची. 'रिझ', म्हणजे समोरच्याला भुरळ पाडायची कला, हा शब्द ऑक्सफर्डनं २०२३ चा शब्द म्हणून निवडला. माझ्या क्लासमधल्या पोरांच्या मते तो शब्द त्याच दिवशी मेला. मोठ्या माणसांनी उचलला, पेपरात आला, विषय संपला. 'विषय हार्ड' आणि 'नाद खुळा' पुण्याच्या जाहिरातींच्या फलकांवर झळकायला लागले तेव्हा आपल्यालाही थोडं तसंच वाटलं होतं, खोटं कशाला बोला. हे टोळीचे शब्द आहेत. ते कळण्यासाठी कमी आणि आपला कोण, परका कोण हे ओळखण्यासाठी जास्त असतात. आई-वडिलांनी ते ओळखावेत, हरकत नाही, पण वापरू नयेत. जेवताना वडील "काय रिझ आहे" म्हणाले की पोरगं ताट घेऊन उठतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या त्या 'मुलांचे गुप्त इमोजी संकेत' नावाच्या तक्त्यांबद्दल माझं मत वाईट आहे. असल्या तक्त्यापायी कलिंगडाच्या चित्रावरून घरात रडारड झालेली मी पाहिलीय. पोरानं कलिंगड आणलं होतं, एवढंच.

कामाच्या शब्दांची गोष्ट वेगळी. टोळीचा शब्द कळला नाही तर काही बिघडत नाही, कामाचा शब्द कळला नाही तर बिघडतं, आणि तो समजावून सांगणं हे माझं कामच आहे. एक निवृत्त मास्तर बँकेच्या फोनवर बोलून थरथरत आले होते. साइट उघडत नाही म्हणून यांनी फोन केला, तर पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, कॅश क्लिअर करा." यांना वाटलं खात्यातली रोकडच काढून टाकायला सांगतात. ही कॅश वेगळी, इथं पैशाचा काही संबंध नाही. एकदा पाहिलेल्या पानांची चित्रंबित्रं ब्राउझर, म्हणजे साइट उघडायचा प्रोग्रॅम, जवळ साठवून ठेवतो, पुढच्या वेळी लवकर उघडावीत म्हणून. साठा जुना झाला की पान बिघडलेलं दिसतं, मग तो साठा रिकामा करायचा. मूळ फ्रेंच क्रियापदाचा अर्थ लपवणं असा आहे. मास्तरांना तो लगेच पटला, कारण हे लपवलेलं आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं, असं त्यांचं म्हणणं.

कुकीजचंही तेच. "कुकीज स्वीकारा" ही पाटी दिवसातून दहा वेळा येते आणि आपण मुकाट्यानं दाबतो. ती एक बारकी मजकुराची फाइल असते. साइट ती तुमच्या ब्राउझरकडं ठेवायला देते, पुढच्या वेळी तुम्हाला ओळखावं म्हणून. १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत लू माँटुली यानं ही युक्ती काढली. ऑनलाइन दुकानात टोपलीत टाकलेल्या वस्तू टोपलीत राहाव्यात, हा हेतू. नाव त्यानं जुन्या प्रोग्रॅमरांच्या 'मॅजिक कुकी'वरून उचललं. पुढं जाहिरातवाल्यांनी त्याच युक्तीनं या साइटवरून त्या साइटवर माग काढायला सुरुवात केली, तो भाग वाईट. म्हणून पाटीवर 'फक्त आवश्यक' असा पर्याय असेल तर तो दाबा.

'स्पॅम' शिकवताना मी पोरांना सांगतो: समजा तुम्ही खानावळीत गेलात आणि मटण ताट मागवा, अंडा ताट मागवा, नाहीतर नुसता दहीभात मागवा, प्रत्येकात तांबडा रस्सा ओतलेलाच. १९७० साली माँटी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळीनं असाच एक प्रवेश केला होता. हॉटेलातल्या जवळजवळ प्रत्येक पदार्थात स्पॅम नावाचं डबाबंद मांस, आणि कडेला बसलेले लोक स्पॅम, स्पॅम असं गाणं म्हणत कुणाला बोलू देत नाहीत. हे मांस १९३७ पासून अमेरिकेत विकलं जातंय. इंटरनेटवरच्या लोकांनी नको असलेल्या मजकुराच्या भडिमाराला हेच नाव दिलं. भडिमार मात्र नावाच्या आधीपासूनचा. १९७८ मध्ये एका कॉम्प्युटर कंपनीच्या विक्रेत्यानं अर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावरच्या, चारेकशे लोकांना एकगठ्ठा जाहिरात पाठवली आणि शिव्या खाल्ल्या.

'बग' म्हणजे इंग्रजीत किडा, आणि कॉम्प्युटरवाल्यांच्या भाषेत दोष. त्याची गोष्ट तर सगळे उलटी सांगतात. ९ सप्टेंबर १९४७, हार्वर्डचा मार्क टू हा कॉम्प्युटर. खोलीभर पसरलेलं यंत्र, आत टकटक उघडझाप करणारे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच. यंत्र चुकायला लागलं. तपासलं तर एका रिलेत पाखरू अडकून मेलेलं, रात्री दिव्यावर येतं तसलं. ते काढून त्यांनी नोंदवहीत चिकटपट्टीनं चिकटवलं आणि शेजारी लिहिलं की खरोखरचा बग सापडल्याची ही पहिलीच वेळ. ती वही वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे, पाखरासकट. लोक सांगतात, त्या पाखरावरून बग हा शब्द आला. पण 'खरोखरचा' असं लिहावंसं का वाटलं असेल? कारण यंत्रातल्या बारीकसारीक दोषाला बग म्हणायची रीत जुनीच होती. एडिसननं १८७८ च्या पत्रात हा शब्द त्याच अर्थानं वापरलाय. म्हणजे त्या दिवशी कुणीतरी शाब्दिक कोटी केली, आणि त्या यंत्रावर काम करणाऱ्या ग्रेस हॉपर बाईंनी पुढं ती भाषणांतून इतकी रंगवून सांगितली की पाखरू त्यांनीच पकडलं असं लोक समजतात. माझ्या गिऱ्हाइकांना ही गोष्ट फार आवडते. कॉम्प्युटर उघडला की काही जण आत डोकावून बघतात.

आता पोरांच्या शब्दांना घाबरून माझ्याकडं येणाऱ्या पालकांना मी जे उलट विचारतो, ते सांगतो. तुमच्या स्वतःच्या मोबाईलवर गेल्या महिन्यात 'केवायसी अपडेट'चा मेसेज आला का? 'डिजिटल अरेस्ट' शब्द ऐकून पोटात गोळा आला का? नातेवाइकाच्या नंबरवरून लग्नपत्रिकेची म्हणून एपीके फाइल आली आणि तुम्ही ती दाबली का? माना खाली जातात. हे शब्द मुद्दाम कामाच्या शब्दांचा वेश घालून येतात. व्हिडिओ कॉलवरून कुणाला अटक करता येत नाही, आपल्या कायद्यात असली अटकच नाही. पोलिसाच्या वेशात स्क्रीनवर बसलेला माणूस हा शब्द वापरतो तो तुम्ही अर्थ विचारू नये म्हणूनच. केवायसी, म्हणजे खातेदाराची ओळख पटवणं, हा शब्द खरा आहे, बँकेचाच आहे, पण ते मेसेजमधल्या लिंकवरून करायचं नसतं. शाखेत जा, नाहीतर बँकेच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये करा. आणि एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप बसवणारी फाइल. पत्रिका फोटो असते नाहीतर पीडीएफ असते, पत्रिकेला अ‍ॅप कशाला लागेल? बसवलं की ते तुमचे मेसेज वाचायला लागतं. त्यांत बँकेचा ओटीपी येतो, खरा ओटीपी.

तेव्हा नावाच्या शेवटी एपीके दिसलं, तर पत्रिका सख्ख्या मामाच्या नंबरवरून आलेली असली तरी हात लावायचा नाही. मामाला फोन करायचा; बहुतेक वेळा त्याला पत्ताच नसतो, त्याचा फोन आधीच हातचा गेलेला असतो. चुकून दाबलंच असेल तर आधी मोबाईलचं इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, आणि मग तो मोबाईल माझ्याकडं आणा. दुकान बंद असलं तरी शटरवर नंबर लिहिलाय.