दारावरची नोटीस आणि ‘सर्वसामान्य जनता’

ऑफिसमधून डोंबिवलीला घरी पोचले तेव्हा दारावर कागद चिकटवलेला होता. चारही बाजूंनी सेलोटेप, एकदम नीट. सासूबाई म्हणाल्या, “एक माणूस आला होता, कागद लावला, दाराचा मोबाइलवर फोटो काढला आणि गेला. फोटो काढतोय म्हणून मी तोरण सरळ केलं.”

ती ताबा नोटीस होती. ‘ज्याअर्थी’ने सुरू होऊन अर्ध्या पानानंतर ‘त्याअर्थी’वर येणारी. घरमालकाने दुकानासाठी कर्ज काढलेलं, आमचा (म्हणजे त्याचा) फ्लॅट तारण. हप्ते थकले, सरफेसी कायद्याच्या (थकलेल्या कर्जासाठी बँकेला तारण जागा ताब्यात घेऊ देणारा कायदा) कलम 13(2) खाली 60 दिवसांची नोटीस जूनमध्ये गेली, पैसे आले नाहीत, म्हणून आता जानेवारीत बँकेने सांकेतिक, म्हणजे कागदोपत्री, ताबा घेतला. कागदावर कर्जदाराचं नाव होतं, जामीनदाराचं होतं, फ्लॅटच्या चतुःसीमा होत्या. तीन वर्षं भाडं भरून तिथे राहणारी मी कुठे आहे हे शोधलं, तर शेवटच्या परिच्छेदात सापडले: ‘कर्जदार व सर्वसामान्य जनतेस इशारा देण्यात येतो की...’ ती जनता म्हणजे मी.

हीच नोटीस दोन वर्तमानपत्रांतही छापावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. आमच्याकडे पेपर येतो. ते पान कोण वाचतं?

ऑफिसमधल्या मैत्रिणीची बहीण कल्याण कोर्टात वकिली करते. तिने हातातला चहा न ठेवता एकच विचारलं, “लीज आहे की लिव्ह अँड लायसन्स?” मी अभिमानाने म्हटलं, लिव्ह अँड लायसन्स, 11 महिन्यांचं, रजिस्टर्ड, पोलीस व्हेरिफिकेशनसकट. ती म्हणाली, “मग अवघड आहे.”

मला वाटायचं, कागद पक्का म्हणजे मी पक्की. पण लीज म्हणजे भाडेकरार, त्यात जागेत हक्क मिळतो; लायसन्स म्हणजे नुसती परवानगी, जागेत हक्क नाही. भाडे नियंत्रण कायद्याखालच्या खऱ्या भाडेकरूची गोष्ट वेगळी. 2016 मध्ये विशाल कलसारिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा संरक्षित भाडेकरूला बँक सरफेसी दाखवून हुसकावू शकत नाही. त्याच वर्षी कायद्यात कलम 17(4A) आलं, त्यामुळे भाडेकरूला कर्ज वसुली न्यायाधिकरणात आपला हक्क मांडता येतो. 2019 मध्ये बजरंग अगरवाल खटल्यात त्याला लगाम बसला: भाडेकरार तोंडी किंवा नोंदणी नसलेला असेल, तर त्याच्या जोरावर वर्षभरापलीकडे ताबा मागता येणार नाही. म्हणजे भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असलेल्या, जुन्या चाळीतल्या पावतीवाल्या आजी टिकू शकतील. मी, जिने नोंदणीसाठी अंगठा दिला, फोटो दिला, फी भरली, ती नाही.

त्यात आणखी एक गोम निघाली. माझं अ‍ॅग्रीमेंट सप्टेंबरमध्ये रिन्यू झालेलं. जूनची नोटीस मालकाच्या हातात असताना. कलम 13(13) प्रमाणे ती नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय जागा विकायची, भाड्याने द्यायची किंवा आणखी कुठल्या प्रकारे हस्तांतरित करायची नाही. आमच्या मालकाने रिन्यू तर केलंच, वर डिपॉझिट 60 हजारांवरून 75 हजार करून घेतलं. “महागाई आहे ना ताई.”

न्यायाधिकरणात जावं का? वकीलबाईंनी हिशोब मांडला: तीन महिने मिळवायला डिपॉझिटपेक्षा जास्त खर्च. त्यापेक्षा पत्र लिही. मी बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला पत्र दिलं, सोबत अ‍ॅग्रीमेंट, लाइटबिल, भाडं गेल्याचं खातं. मुलीची दहावीची परीक्षा आहे, एप्रिलअखेर जागा सोडते, एवढंच. दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतला. अधिकारी माणूस बरा निघाला. तोंडी म्हणाला, प्रत्यक्ष ताब्यासाठी कलम 14 खाली जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, मग तहसीलची माणसं, पोलीस, पंचनामा. तोवर तुम्ही निघालात तर आम्हालाही बरंच आहे. लिहून मात्र काही दिलं नाही. ते चार महिने जिन्यात अनोळखी आवाज आला की मी पोळी तव्यावर टाकून दाराशी जायचे.

डिपॉझिट हा खरा ठसठसणारा भाग. लिलाव ‘जसे आहे, जेथे आहे’ तत्त्वावर होतो. घेणारा माझे पैसे देणं लागत नाही, बँकही नाही. मुदतीआधी काढलं तर लायसन्स देणाऱ्याकडून भरपाई मागता येते, असं 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात आहे, पण जो बँकेला देत नाही तो मला काय देणार! म्हणून मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं: जानेवारी ते एप्रिल, महिना 14 हजार, डिपॉझिटमधून वळते. त्याच्याकडून ‘ओके’ येईपर्यंत रोज सकाळी तोच मेसेज पाठवला. बाराव्या दिवशी ओके आलं. 56 हजार असे वसूल झाले. 19 हजार राहिले.

नवीन जागा बघताना आधी नोंदणी विभागाच्या साइटवर फ्लॅटचा इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा) काढला. तारण असेल तर बऱ्याचदा तिथे ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’, म्हणजे तारणाची नोंद, दिसते. सोसायटीच्या ऑफिसातही विचारलं. कर्ज असणं वाईट नाही, कुणाच्या घरावर नसतं? हप्ते जाताहेत का, एवढंच बघायचं. एजंट वैतागला, “ताई, असं विचारत बसलात तर रूम मिळायची नाही.” चार मालकांनी तोंड फिरवलं. पाचव्या काकांनी कपाटातून बँकेचं स्टेटमेंट काढून टेबलावर ठेवलं आणि चष्मा शोधत म्हणाले, “तुम्हीच वाचा, मला बारीक दिसत नाही.”

जुन्या मालकाला दर पाच तारखेला मेसेज करते. निळ्या टिका लगेच येतात.