सुई, गोळ्या आणि निंबावरची गुळवेल

माझं गाव दारव्हा तालुक्यातलं. शिवणकाम करते. आमवातानं बोटं अशी धरायची की सकाळी दोन तास सुईत दोरा ओवता येत नसे. दोन वर्षं आठवड्यातून एकदा आमवाताची गोळी मेथोट्रेक्सेट आणि दुसऱ्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिड घेतलं, तरी मनगटं सुजलेलीच. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी अडालिमुमॅबचं इंजेक्शन सुचवलं, दर पंधरा दिवसांनी ४० मिलिग्रॅम, पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली. किंमत ऐकून हे म्हणाले, "एका सुईत दीड क्विंटल कापूस जाते!"

लगेच सुरू मात्र केलं नाही. सांध्यात जाळ पेटवणारं टीएनएफ नावाचं प्रथिन हे औषध अडवतं, पण तेच प्रथिन शरीरात झोपलेल्या टीबीला कोंडूनही ठेवतं. शिवाय जुनी हिपॅटायटिस बी असेल तर ती उलटू शकते आणि लिव्हरवर येते. म्हणून हिपॅटायटिस बीच्या दोन तपासण्या झाल्या, पृष्ठभागाचं अँटिजेन आणि कोअर अँटिबॉडी. पहिली निगेटिव्ह आली तरी दुसरीत जुना संसर्ग सापडू शकतो, असं कळलं. हिपॅटायटिस सी, छातीचा एक्स-रे, लिव्हर फंक्शनही झालं. माझा एसजीपीटी, म्हणजे लिव्हर दुखावलं की रक्तात वाढणारा आकडा, २९ होता. हिपॅटायटिस नव्हती, पण टीबीची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली. खोकला नाही, ताप नाही, नुसताच झोपलेला जंतू. मग त्यासाठी टीबीची गोळी, रोज ३०० मिलिग्रॅम आयसोनियाझिड, सोबत बी-६ जीवनसत्त्व, आणि महिन्याभरानं पहिली सुई.

सुईचा गुण लवकर आला. तिसऱ्या सुईनंतर ब्लाउजची हुकं मी स्वतः लावली. पण त्याच आठवड्यात जेवणाचा वास नको वाटायला लागला, लघवी चहासारखी झाली. तालुक्याला रक्त दिलं. एसजीपीटी २१४. त्या लॅबची मर्यादा ४० होती.

घरात एकच निकाल लागला: सुईनंच केलं. शेजारच्या काकू तर कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता घेऊन आल्या. डोक्यावर ठेवलेली माळ वाढत वाढत गळ्यात उतरते म्हणे. मी मात्र रिपोर्टचा फोटो डॉक्टरांना पाठवला. त्यांनी फोनवरच सुई, मेथोट्रेक्सेट, आयसोनियाझिड, तिन्ही थांबवायला सांगितलं आणि बोलावून घेतलं. मळमळ असताना आकडा मर्यादेच्या तिपटीवर गेला तर आयसोनियाझिड चालू ठेवत नाहीत. पावसाळा आणि आमचं विहिरीचं पाणी, म्हणून हिपॅटायटिस ए आणि ईसुद्धा तपासली. दोन्ही निगेटिव्ह.

"दुसरं काही घेता का? घरगुती?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. खोटं बोलत नव्हते. मला खरंच आठवलं नाही.

आठवलं ते परतीच्या एसटीत, यवतमाळ मागे पडल्यावर. सासूबाई महिन्याभरापासून रोज सकाळी गुळवेलीचा काढा देत होत्या. परसातल्या कडुनिंबावर चढलेली, म्हणजे सगळ्यात गुणाची. बोटभर जाडीचं कांड ठेचून, पेलाभर पाणी अर्धं होईस्तोवर उकळून. कडू जहर. पण ते औषध थोडंच, ते तर घरचं! तिथूनच फोन केला. डॉक्टर क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, गुळवेलीनंतर लिव्हर बिघडलेल्या सहा रुग्णांची नोंद २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी छापली आहे. आयुष मंत्रालयाला ते पटलं नव्हतं, पण तुम्ही आजपासून बंद करा.

सासूबाईंना सांगणं मला डॉक्टरांपेक्षा जड गेलं. "झाडाचा पाला तं हाय, त्यानं काय होते वो?" एवढंच म्हणाल्या आणि दोन दिवस बोलल्या नाहीत. माझ्या बोटांसाठीच तर पहाटे चूल पेटवत होत्या.

दहा दिवसांनी एसजीपीटी १३१, पाच आठवड्यांनी ३८. तोवर मनगटं पुन्हा सुजली होती. मग एकेक औषध परत आलं, घाई न करता. आयसोनियाझिडऐवजी चार महिने टीबीचंच दुसरं औषध, रिफाम्पिसिन (लघवी नारिंगी होते, आधी सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही), दोन आठवड्यांनी रक्त, मग सुई, पुन्हा रक्त, मग कमी मात्रेत मेथोट्रेक्सेट. काढा नाही. चौघांत चोर कोण, ते डॉक्टरांनीही ठामपणे सांगितलं नाही. आयसोनियाझिडवर त्यांचा जास्त संशय, गुळवेलीवर त्याखालोखाल. सुई परत सुरू होऊनही आकडा हलला नाही, म्हणून तिच्यावर सगळ्यात कमी.

आता फ्रिजच्या मधल्या कप्प्यात सुईचा डबा असतो, २ ते ८ अंशांत राहावा म्हणून. लाइट गेली की सासूबाईच ओरडतात, "फ्रिज उघडू नका रे!" परवा लॅबमधून आले तर ओट्यावरच बसल्या होत्या. काट्यावरच्या कापसाचं वजन विचारावं तसं विचारलं, "किती भरला?"

"एकतीस."

"मंग बरं हाय," म्हणाल्या आणि तुरीच्या शेंगा सोलायला लागल्या.